कापोन गल्लीतील भात

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)

शंभर वर्षे पूर्ण केलेल्या ग्रंथालयाच्या व्यासपीठावर उभे राहून खाण्यापिण्याविषयी बोलावे, हे काहींना औचित्याला सोडून वाटण्याचा संभव आहे. पत्रिका हाती पडल्यावर एका स्नेह्यांनी मला विचारलेच, की हे प्रवासवर्णन आहे की पाककृतींचा वर्ग? दोन्हींचा थोडा थोडा अंश त्यात आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. परंतु आज ज्या पदार्थांविषयी मी बोलणार आहे त्यांचा इतिहास आपल्या या गोव्याला वाटतो तितका परका नाही, आणि एका ग्रंथालयाच्या भिंतीला लागूनच त्याची वाट जाते. म्हणून हा विषय येथे मांडण्याचे धाडस करीत आहे.

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पेरू नावाचा देश आहे आणि लिमा ही त्याची राजधानी. या शहरात कोणत्याही वस्तीत उभे राहून चहूकडे नजर टाकली तर एक तरी पाटी अशी दिसतेच, की जिच्यावर ‘चीफा’ हा शब्द लिहिलेला असतो. चीफा म्हणजे पेरूतील चिनी खानावळ, आणि त्या खानावळीत शिजणाऱ्या अन्नालाही चीफाच म्हणतात. चिनी भाषेत ‘ची फान’ म्हणजे शब्दशः भात खाणे. व्यवहारात त्याचा अर्थ जेवणे. चिनी माणसे एकमेकांना ‘ची फान’ म्हणून जेवायला बोलावीत, ते लिमाच्या लोकांनी ऐकले आणि त्या जागेचेच नाव तसे समजले, अशी या शब्दाची उपपत्ती सांगतात. 1930 च्या सुमारास हा शब्द तेथील स्पॅनिशमध्ये रुळला. भात आणि जेवण यांत फरक न करणाऱ्या किनारपट्टीवर आपण राहतो. दुपारी वाटेत भेटलेल्या माणसाला क्षेमकुशलाऐवजी ‘जेवलात का?’ असे विचारणाऱ्यांना ही उपपत्ती समजावून सांगण्याची गरज नाही.

परंतु हा भात पॅसिफिक महासागर ओलांडून पेरूत गेला कसा? तेथे आपल्याला 1849 सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यात काल्याओ बंदरात एक डॅनिश जहाज लागले आणि त्यातून 75 चिनी मजूर उतरले. पुढच्याच महिन्यात परदेशी मजूर आणणाऱ्यांना दर माणशी बक्षीस देणारा कायदा पेरूत झाला. लोक त्याला ‘चिनी कायदा’ म्हणू लागले. किनाऱ्यावरील ऊस व कापसाच्या मळ्यांना माणसे हवी होती. 1854 साली रामोन कास्तिया यांनी गुलामगिरी रद्द केल्यावर ही गरज अधिकच तीव्र झाली. 1849 ते 1874 या पंचवीस वर्षांत सुमारे एक लक्ष चिनी माणसे पेरूत आणली गेली. करार आठ वर्षांचा, पगार महिन्याला चार पेसो. आपल्याकडे मुंबई बंदरातून रत्नागिरीकडची माणसे गिरमिटावर मॉरिशसला गेली, त्याच काळातील आणि त्याच जातीची ही कहाणी आहे.

आता गोव्याचा संबंध सांगतो. हे मजूर प्रामुख्याने मकावहून चढवले जात. मकाव 1844 पर्यंत गोव्याच्या कारभाराखाली होते. येथल्या गव्हर्नर जनरलचा हुकूम तेथे चालत असे. कुलींचा व्यापार भरात आला तो त्यानंतरच्या वर्षांत, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या गोव्याचे हात त्यातून मोकळे होते. पण ध्वज तोच, कागदावरची भाषा तीच आणि शिक्केही त्याच राजवटीचे. हाँगकाँगमध्ये इंग्रजांनी निर्बंध आणल्यावर हा धंदा जवळजवळ सगळा मकावकडे वळला. फसवून, जुगारात हरवून किंवा चक्क पळवून आणलेली माणसे तेथे मोठ्या कोंडवाड्यांत ठेवीत. या कोंडवाड्यांना ‘बाराकून’ म्हणत. प्रवास तीन-चार महिन्यांचा. 1871 साली ‘दोन हुआन’ नावाचे जहाज मकाव सोडताच जळाले आणि पाचशेहून अधिक माणसे त्यात मेली, कारण खालच्या दालनांची झाकणे बंद होती. पुढच्याच वर्षी ‘मारिया लूस’ हे पेरूचे जहाज दुरुस्तीसाठी योकोहामाला लागले असता एक मजूर समुद्रात उडी टाकून निसटला. त्याच्या तक्रारीवरून जपानी न्यायालयाने जहाजावरील सर्वांना मुक्त केले. पोर्तुगीज साहित्यातील थोर कादंबरीकार एसा द केइरोज 1872 ते 1874 या काळात हवानाला वकील होते आणि मकावमार्गे क्यूबात आलेल्या चिनी मजुरांच्या हालांविषयी त्यांनी आपल्या सरकारला खरमरीत अहवाल धाडले. येथील जुन्या कपाटांत एसाच्या कादंबऱ्या हौसेने जपणारे वाचक मी पाहिले आहेत. हा एसा मात्र फारसा वाचला जात नाही. अखेरीस 1874 साली पोर्तुगालने मकावमधील हा व्यापार बंद केला.

या करारांतील एका कलमाकडे आपले लक्ष वेधायचे आहे. मजुराला दररोज दीड पौंड तांदूळ द्यावा, अशी त्यात तरतूद असे. चिंचा बेटांवर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे खत खणताना डोळ्यांत आणि फुप्फुसांत ती भुकटी जात असे. तो माल जहाजांनी युरोपच्या शेतांना जाई. अँडीज पर्वतात रूळ टाकताना किती माणसे गेली याची गणती नाही. मळ्यांवर बेड्या होत्या, चाबूक होता आणि मालकाच्याच दुकानात मिळणारी अफू होती. 1870 साली पातिविल्का भागातील मजुरांनी तोंडे रंगवून उठाव केला, तो मोडून काढण्यात आला. एवढ्या सगळ्यांत कराराने देऊ केलेली आणि त्यांना आपली वाटावी अशी वस्तू एकच होती, ती म्हणजे हा तांदूळ. मला वाटते, ‘फ्युजन’ हा शब्द ज्यांच्या तोंडी सहज येतो त्यांनी या कलमापाशी थोडे थांबावे. दोन पाककलांचा हौसेने घडवलेला संगम अशी चीफाची सुरुवात नाही. मजुराच्या शिध्यातून ती निघाली.

आठ वर्षांचा करार, जो कर्जापायी बहुधा दहा-बारा वर्षांचा होई, संपल्यावर जगलेली माणसे लिमा शहराकडे वळली. तेथे मध्यवर्ती बाजार नुकताच उभा राहिला होता. त्याच्या आसपास त्यांनी हातगाड्या आणि दुकाने लावली, ‘फोंदा’ म्हणजे स्वस्त भोजनगृहे काढली. हाच आजचा ‘बार्रियो चीनो’, म्हणजे चिनी वस्ती. तिच्या मुख्य रस्त्याचे जुने नाव ‘काये कापोन’. कापोन म्हणजे खच्ची केलेले जनावर. येथे डुकरे खच्ची करीत म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. नाव कानाला गोड नाही, पण लिमाकरांनी ते बदलू दिलेले नाही.

ही वस्ती मी पायी पाहिली. लिमाला खाद्यफेरी घडवून आणणारी बरीच मंडळी आहेत. आमच्या छोट्या गटाची वाटाडी एक मध्यमवयीन बाई होती, स्वतःला ‘तुसान’ म्हणवणारी. तुसान म्हणजे त्या भूमीतच जन्मलेली, चिनी वंशाची माणसे. हा शब्दही चिनीतून आलेला. मोठ्या चौकातून निघून उकायाली रस्त्याने पूर्वेकडे चालू लागले की प्रथम जेझुइटांचे सान पेद्रो हे चर्च लागते. आपल्या जुन्या गोव्यातली चर्चे पाहिलेल्या माणसाला आत शिरताच ओळखीचा वास यावा, इतके सोनेरी लाकूडकाम तेथे आहे. त्याच्या शेजारीच पेरूच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची जुनी इमारत आहे. खाद्यफेरीतील मंडळी तिच्यासमोरून न थांबता जातात. मी थांबलो, आणि आपणही माझ्यासोबत क्षणभर थांबावे अशी विनंती आहे.

सान मार्तीन यांनी 1821 साली, देश स्वतंत्र होताच, हे ग्रंथालय स्थापन केले. 1881 साली चिलीच्या सैन्याने लिमा घेतले तेव्हा ग्रंथालय लुटले गेले, हजारो ग्रंथ नाहीसे झाले. 1883 साली रिकार्दो पाल्मा या लेखकाकडे त्याचा कारभार आला. त्यांनी देशोदेशीच्या लेखकांना आणि सरकारांना पत्रे लिहून पुस्तकांची भिक्षा मागितली आणि ‘भिकारी ग्रंथपाल’ हे बिरुद अभिमानाने मिरवले. 1943 च्या मे महिन्यात या ग्रंथालयाला आग लागली आणि जमवलेले पुन्हा राख झाले; इतिहासकार होर्हे बासाद्रे यांनी ते तिसऱ्यांदा उभे केले. 2007 साली चिलीने 3,788 ग्रंथ पेरूला परत दिले. एकशेसव्वीस वर्षांनी परत आलेली ती पुस्तके आहेत. आपल्या ग्रंथपालांनी मुदतबाह्य पुस्तकांविषयी निराश होऊ नये, एवढेच मी म्हणेन.

परंतु मला सांगायचे आहे ते वेगळेच. त्या 1881 च्या जानेवारीत, पराभूत सैन्य शहरात परतले तेव्हा, लिमातील चिनी दुकानेही लुटली आणि जाळली गेली. मळ्यांवरच्या काही चिनी मजुरांनी सुटकेच्या आशेने चिलीच्या सैन्याला साथ दिली होती, त्याचा राग शहरातल्या वाण्यांवर निघाला. ग्रंथालयाच्या लुटीची कथा पेरूतील शाळकरी मुलाला ठाऊक असते. तिथून दोन चौकांवर झालेल्या या दुसऱ्या लुटीसाठी तेथे कोणता फलक मला दिसला नाही. आमच्या वाटाड्या बाईंनी ती हकीकत सांगितली ती रस्ता ओलांडताना, वाहनांच्या गोंगाटात, अर्धवट.

तो मोठा रस्ता ओलांडला की बाजाराची गर्दी सुरू होते, आणि 1971 साली उभारलेली चिनी कमान दिसते. तांबड्या खांबांची, हिरव्या कौलांची ही कमान छायाचित्रे घेणाऱ्यांचे आवडते स्थान आहे. तिच्याखालून गेले की फरसबंदीत चिनी राशींची बारा जनावरे बसवलेली आढळतात. प्रत्येकजण आपापल्या जन्मवर्षाचे जनावर शोधून त्यावर उभा राहतो, मीही राहिलो. बाजूला हस्तरेषा पाहणारे, तांबडे आकाशकंदील विकणारे, पाव उकडणारे. काचेमागे आकड्यांना टांगलेली तांबूस, तुकतुकीत बदके. आणि या सर्वांवर लिमाचे ते न बरसणारे, राखाडी, दमट आभाळ. या शहरात पाऊस जवळजवळ पडतच नाही. छत्री नावाची वस्तू तेथील दुकानांत शोधावी लागते, हे ऐकून आपल्या आषाढाची आठवण न झाली तरच नवल.

‘मिन पाओ’ हा उकडलेला, आत गोडसर डुकराचे मांस भरलेला पाव आम्ही प्रथम खाल्ला. पोदेराच्या पावावर वाढलेल्या माणसाला हा पाव कच्चा वाटण्याचा संभव आहे. पांढराशुभ्र, खरपूसपणाचा मागमूस नाही. पण दुसऱ्या घासाला त्याचा मऊपणा पटतो. नंतर एका जुन्या चीफात आम्ही बसलो. 1920 च्या दशकात या गल्लीत ‘क्वाँग टाँग’, ‘सान जॉय लाओ’ अशी मोठी भोजनगृहे निघाली. तेथे वाद्यवृंद वाजे आणि शहरातील प्रतिष्ठित मंडळी मोटारींतून येत. ही गोष्ट पूर्ण समजण्यासाठी आणखी एक साल लक्षात ठेवावे लागते. 1909 च्या मे महिन्यात, चिनीविरोधी दंगलींच्या पाठोपाठ, महापौर बिलिंगहर्स्ट यांनी याच वस्तीतील ‘ओताइसा’ नावाची दाट वस्तीची चाळ आरोग्याच्या नावाखाली पाडून टाकली आणि तेथील माणसांना बाहेर काढले. घाण, रोगराई, अफू, हे त्या वेळच्या वृत्तपत्रांचे शब्द होते. दहा-पंधरा वर्षांत त्याच रस्त्यावर श्रीमंतांच्या मेजवान्या झडू लागल्या. हे परिवर्तन कशाने झाले? इतिहासकार व्यापाराची भरभराट, नव्या पिढीचे शिक्षण अशी कारणे देतात, आणि ती खरीच आहेत. पण त्याआधीची साठ-सत्तर वर्षे लिमाच्या कित्येक घरांत चिनी आचारी स्वयंपाक करीत होते, हे विसरून चालत नाही. मालकांना माहीत नसतानाच त्यांच्या जिभेला त्या हाताची सवय झाली होती.

या सवयीचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे ‘लोमो साल्तादो’ हा पदार्थ. गोमांसाचे पातळ तुकडे, जाड चिरलेला कांदा, टोमॅटो आणि पिवळी मिरची हे सारे अत्यंत तापलेल्या खोलगट कढईत काही क्षण परतायचे. वरून शिर्का आणि सोया सॉस. मग त्यातच तळलेल्या बटाट्याच्या कापट्या. आणि शेजारी पांढरा भात. स्पॅनिशमध्ये ‘साल्तार’ म्हणजे उडी मारणे, आणि कढई हिसडून जिन्नस उडवण्याची ती चिनी रीत पाहिली की नाव समजते. ज्वाळा कढईच्या आत शिरते, मांसाला धुराचा वास लागतो. घरच्या मंद शेगडीवर हा पदार्थ होतो खरा, पण तो मग रस्सा होतो. पेरूमधील कोणत्याही गृहिणीला विचारा, ती याला चिनी पदार्थ म्हणणार नाही. तो तिच्या आजीचा पदार्थ असतो.

एकाच ताटात बटाटा आणि भात दोन्ही असणे हे पेरूचे खास लक्षण. बटाटा तिथलाच, अँडीजच्या उतारांवर हजारो वर्षांपूर्वी माणसाने तो लागवडीस आणला, आणि तेथे त्याला क्वेचुआ भाषेतील ‘पापा’ हेच नाव आहे. आपण ‘बटाटा’ म्हणतो तो शब्द पोर्तुगिजांकडून आला, आणि मुळात तो कॅरिबियन बेटांवरील लोकांचा, रताळ्यासाठीचा शब्द. म्हणजे पेरूचे पीक आणि कॅरिबियन नाव अशी जोडी पोर्तुगिजांनी आपल्या ताटात वाढली. मिरचीही त्याच वाटेने गोव्यात उतरली. उलट दिशेचा प्रवास चिंचेचा. चीफात तळलेल्या ‘वांतान’बरोबर तांबडी, आंबटगोड चटणी देतात, तिला ‘तामारिंदो’ म्हणतात. अरबांनी चिंचेला ‘हिंदचा खजूर’ म्हटले, त्याचेच हे स्पॅनिश रूप. आता पुष्कळ ठिकाणी त्या चटणीत चिंच नावापुरतीच असते, हे माझ्या जिभेने तत्काळ ओळखले. 1563 साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या ग्रंथात चिंचेवर स्वतंत्र संवाद आहे. साडेचारशे वर्षांनी, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, चिनी खानावळीत आपल्या देशाचे नाव असे वाटीत वाढले जाईल, याची त्या वैद्यराजांना कल्पना नसणार.

‘आर्रोस चाउफा’ हा मात्र निःसंशय चिनी. ‘चाउ फान’ म्हणजे परतलेला भात. त्यात ‘आर्रोस’ हा भातासाठीचा स्पॅनिश शब्द पुन्हा जोडला, म्हणजे ‘भात परतलेला भात’ असे काहीसे झाले. आपल्याकडे ‘पाव ब्रेड’ म्हणतात तशातली गत. आदल्या दिवशीचा मोकळा भात, अंडे, पातीचा कांदा, आले, सोया सॉस, आणि कोंबडी किंवा डुकराचे मांस. हा पदार्थ देशभर पसरला तेव्हा ज्या त्या प्रदेशाने त्यात आपले काही घातले: किनाऱ्यावर कोळंबी आणि माकूल, अँमेझॉनच्या जंगलभागात सुकवलेले डुकराचे मांस आणि पिकल्या केळ्यांचे काप, पर्वतप्रदेशात तांदळाऐवजी किन्वा. परतलेल्या भातात परतलेल्या शेवया मिसळल्या की त्या ताटाला ‘आएरोपुएर्तो’ म्हणजे विमानतळ म्हणतात. कारण काय, तर तेथे सगळेच येऊन उतरते. त्याबरोबर पितात ती पिवळीधमक, अतिगोड ‘इंका कोला’. लिंडली या कुटुंबाच्या कंपनीने 1935 साली ती काढली. मला ती दोन घोटांपलीकडे गेली नाही. शेजारच्या मेजावरील आजोबा मात्र नातवाच्या पेल्यातलीही संपवत होते.

भाषेचा अभ्यास करणाऱ्यांना पेरूच्या बाजारात मोठे घबाड सापडेल. इतर स्पॅनिश देशांत आल्याला ‘हेंगिब्रे’ म्हणतात. लिमाच्या बाजारात ‘किओन’ म्हणावे लागते, तो कँटनी शब्द आहे. सोया सॉसला ‘सियाओ’, तोही कँटनी. चपट्या, कोवळ्या वाटाण्याच्या शेंगेला ‘होलांताओ’. या शेवटच्या शब्दाची गंमत अशी, की कँटनी भाषेत त्याचा अर्थ ‘हॉलंडची शेंग’ असा होतो. कोणा डच व्यापाऱ्याची आठवण चिनी भाषेने जपली आणि ती स्पॅनिश बोलणाऱ्या देशात पोचवली. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला, त्याचा मालक कोणत्याही वंशाचा असो, जुनी माणसे ‘कोपऱ्यावरचा चिनी’ म्हणत. आमच्या वाटाड्या बाईंना चिनी भाषा येत नव्हती. त्यांच्या आईलाही येत नव्हती. मात्र आले, शेंग, पाव, कढई, भात यांची नावे त्या न अडखळता, योग्य सुरात उच्चारीत. बृहन्महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या घरांतून मराठी कोणत्या खोलीत शेवटपर्यंत टिकते, हे या सभागृहातील अनेकांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

गल्लीतील एका जुन्या चिनी संस्थेच्या वरच्या मजल्यावर क्वान काँग या युद्धदेवतेचे मंदिर आहे. उदबत्त्यांचा धूर, तेलाचे दिवे, फळांचा नैवेद्य. चपला बाहेर काढायचे तेवढे बंधन नाही. पेरूमध्ये या देवाला ‘सान आकोन’ म्हणतात, म्हणजे त्याला चक्क ख्रिस्ती संतांच्या मालिकेत बसवला आहे. त्या ‘आकोन’मधील ‘आ’ हा कँटनी लोक जवळच्या माणसाच्या नावाआधी लावतात तो. आपल्या ‘रे’, ‘गो’सारखाच सलगीचा. मजुरांची नोंद करताना कारकुनांनी तो ‘आ’ नावातच धरला, आणि त्यातून आडनावे तयार झाली. पुष्कळांना तर नावही उरले नाही. बाप्तिस्मा देऊन होसे, हुआन, मानुएल अशी नावे ठेवली, मळ्याच्या मालकाचे आडनाव लावले आणि त्या माणसाचा मागचा सगळा धागा तुटला. वाटाड्या बाईंचे आडनाव असेच अस्सल स्पॅनिश होते. पणजोबांचे चिनी नाव घरात कोणालाच माहीत नाही, असे त्या म्हणाल्या. मकावच्या जुन्या कागदांत कुठे असेल का, असे त्यांनी मला विचारले, कारण मी गोव्याचा आहे हे त्यांना समजले होते. मकावचे काही कागद गोव्यात असतील, अशी त्यांची समजूत होती. ती संपूर्ण निराधार म्हणता येणार नाही, पण 1844 नंतरचे कागद येथे कशाला येतील, हे मला त्यांना सांगावे लागले. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या दुकानाकडे बोट दाखवले.

बार्रियो चीनो ही काही निवांत, जपलेली जागा नाही. शेजारच्या ‘मेसा रेदोंदा’ बाजारात 2001 च्या डिसेंबरात शोभेच्या दारूच्या साठ्याला आग लागली आणि अडीचशेहून अधिक माणसे मरण पावली. त्या अरुंद गल्ल्या आजही मालाने तुडुंब भरलेल्या असतात. खाद्यफेरीच्या माहितीपत्रात याचा उल्लेख नसतो, आणि असावा असा आग्रहही मी धरणार नाही. जेवायला निघालेल्या माणसाने किती ऐकावे यालाही मर्यादा आहे.

संध्याकाळी रस्त्यावरचे खाणे सुरू होते, आणि तेथे चिनी हाताशेजारी दुसरे हात दिसू लागतात. ‘आंतिकूचो’ म्हणजे गाईच्या हृदयाचे तुकडे तांबड्या मिरचीत आणि शिर्क्यात मुरवून सळईवर भाजलेले. हा आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वंशजांनी जोपासलेला पदार्थ आहे, मालकांच्या मुदपाकखान्यातून वगळलेल्या भागांचा. ‘पिकारोन’ म्हणजे रताळे आणि भोपळा यांच्या पिठाची कडी तळून त्यावर ‘चान्काका’चा पाक ओतायचा. चान्काका म्हणजे आपला गूळ, दुसरे काही नाही. माझ्यापुढची बाई कडी तळताना ओल्या हाताने पीठ खेचून मध्ये भोक पाडीत होती आणि लांब काठीने ते कढईत फिरवीत होती. वडे थापणाऱ्या आपल्या बायकांची चपळाई तिच्यात होती. पहाटे आणि रात्री हातगाडीवर मिळणारे ‘एमोलिएन्ते’ हे जव, जवस आणि औषधी पाला यांचे कढत, बुळबुळीत पेय आहे. त्याची शिफारस मला सर्वांनी केली आणि मी ते दोनदा प्यायलो. दुसऱ्यांदा आवडले.

एक वर्तमानकाळातली गोष्ट सांगून आवरते घेतो. लिमाच्या उत्तरेला चान्काय नावाचे खोरे आहे, ऊस-कापसाच्या जुन्या मळ्यांचे. चिनी मजूर ज्या भागांत राबले त्यांतलेच ते एक. 2024 च्या नोव्हेंबरात तेथे एका प्रचंड नव्या बंदराचे उद्घाटन झाले. ते चिनी कंपनीने बांधले आहे आणि चीनचे राष्ट्राध्यक्ष त्या निमित्ताने लिमाला आले होते. आता चीनकडून येणारी मोठी जहाजे थेट तेथे लागतात. त्या समारंभाविषयी लिमातील तुसान मंडळींना काय वाटते, असे मी वाटाड्या बाईंना विचारले. त्यांनी खांदे उडवले. चान्कायला चीफा पुष्कळ आहेत, त्यांतला एक त्यांच्या मावसभावाचा, आणि बंदराचे कामगार तेथे जेवायला येतात, एवढे त्या म्हणाल्या. चीनहून आलेले अभियंते मात्र ताटाकडे पाहून विचारतात, हा कोणत्या देशाचा पदार्थ?

लोमो साल्तादोची कृती ज्या भगिनींनी मागितली आहे त्यांच्यासाठी मी ती लिहून ग्रंथपालांकडे ठेवली आहे. उकड्या तांदळाचा भात त्याला चालत नाही, सुरय घ्यावा.